घरच्या मैदानावर हरणारा संघ

आमचा हॉलीबॉलचा संघ कुणालाही हरवू शकत होता आणि कुणाकडूनही हरू शकत होता. त्या हिवाळ्यात तर त्यानं ही दोन्ही कामं इतकी मन लावून केली की माझ्या बारावीच्या अभ्यासाचं वाटोळं झालं. जिंतूरला जाऊन तिथल्या दांडग्या पोरांना सरळ दोन गेममध्ये लोळवून आलेले हेच सहा जण पुढच्याच रविवारी आमच्या स्वतःच्या मैदानावर मास्तर लोकांच्या संघाकडून हरले. त्या मास्तरांतल्या दोघांची पोटं नेटला टेकत होती. एकानं चष्मा डोक्यामागून दोरीनं बांधला होता, आणि त्या चष्मेवाल्याच्या सर्व्हिसवर आमच्यावर ओळीनं पाच गुण चढले. मी घरी येऊन जेवले नाही. माय म्हणाली, "हारले ते, अन् उपास तू धरायलीस व्हय?" आज पन्नाशी आली, नातवंडं मोबाइलवर परदेशातले सामने बघत ओरडतात, तेव्हा त्यांची आई त्यांना हेच विचारते आणि मी नातवंडांच्या बाजूला सरकून बसते.

येलदरीच्या धरणाखाली कर्मचाऱ्यांची वसाहत होती, तिथल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा असलेल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, वीजघरात ऑपरेटर होते. आमची जमीन पालमकडे, कोरडवाहू, ती चुलते बघायचे. वीजघराची घरघर आमच्या भिंतीतून चोवीस तास ऐकू यायची. पाहुणे पहिल्या दिवशी तिनं हैराण व्हायचे आणि आम्ही मात्र ती थांबली की दचकायचो. मैदान वसाहतीच्या टोकाला होतं. नेट म्हणजे भोई लोकांनी मासेमारीच्या जुन्या जाळ्यातून बांधून दिलेलं, वारा आला की मासळीचा वास सोडणारं. पोरींनी मैदानावर जायची पद्धत नव्हती, म्हणून मी आणि शेजारच्या दोघी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून सामना बघायचो. शेजारच्या दोघी पोरं बघायला यायच्या. मी हॉलीबॉल बघायला यायचे, हे माझं दुर्दैव.

संघ उभा केला होता रशीदचाचांनी. ते वीजघरात फिटर होते, गळ्यात शिटी आणि तोंडात पान. माझा मोठा भाऊ भगवान, ज्याला मी नुसतं भाऊ म्हणते, तो नेटजवळ उभा राहून चेंडू उचलून द्यायचा, आणि गौतम तो मारायचा. बाकीचे चौघं चांगले होते, पण संघ या दोघांचा होता. गौतम वसाहतीमागच्या बौद्ध वस्तीतला, भाऊच्याच वर्गातला, शिडशिडीत, बोलायला कमी. भाऊनं चेंडू नेमका त्या जागी सोडायचा आणि त्या क्षणी गौतम आधीच हवेत असायचा. तो चेंडू पलीकडे पडला की असा आवाज यायचा की टाकीवर मला माझ्या छातीत तो लागायचा. हे ज्या दिवशी जमायचं त्या दिवशी जिल्ह्यात आम्हाला तोड नव्हती. ज्या दिवशी जमायचं नाही त्या दिवशी चष्मेवाले मास्तर पुरे व्हायचे.

घरच्या सामन्याआधी सगळा संघ आमच्या व्हरांड्यात सुशीला खायला यायचा, हा मायनं घातलेला पायंडा. मुरमुरे पाण्यातून काढून पिळायचे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट आणि डाळव्याचं पीठ घालून परतायचे. मायच्या हातची सुशीला मोकळी आणि मऊ, तशी मला तीस वर्षं संसार करून जमलेली नाही. वर गुळाचा चहा. बाकीच्यांना कपबशा. गौतमला एक स्टीलचा ग्लास, जो घरातल्या भांड्यांत नसायचा, व्हरांड्याच्या कोनाड्यात पालथा असायचा. चहा झाला की गौतम तो स्वतः नळावर विसळून परत पालथा घालायचा. हे मायला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनंही आम्हाला शब्दानं शिकवलं नाही. ते तिच्या हाताला सवयीचं होतं, आणि आमच्या डोळ्यांना. रशीदचाचा आमच्याकडे चहाच घ्यायचे नाहीत, पान आहे तोंडात म्हणायचे. का घेत नव्हते हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

तर त्या हिवाळ्यात दसऱ्यापासून आम्ही बाहेर जिंकत होतो आणि घरी हरत होतो. सेलूला जिंकलो, घरी हरलो. जिंतूरला जिंकलो, घरी मास्तरांकडून हरलो. उलटं झालं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. वसाहतीत ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार होतं. अण्णा म्हणायचे, धरणावरून येणारा वारा चेंडू ओढतो. शेजारचे काका म्हणायचे, मैदान उताराचं आहे. मी विचारलं, आपल्याच मैदानाचा उतार आपल्यालाच कसा नडतो, तर ते म्हणाले, बाईमाणसाला यातलं कळत नसतं. रशीदचाचा एवढंच म्हणाले, "भायेर खेलतेत, घर में सोतेत. क्या करना, बोलो?" मी मात्र वहीच्या मागच्या पानावर कोण कुठे उभा होता याची चित्रं काढत बसायचे. एक गोष्ट मला दिसत होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. घरच्या सामन्याला गौतम आता सुशीला खायला येत नव्हता. सामना सुरू व्हायच्या वेळी सरळ मैदानावर यायचा, आणि भाऊचा चेंडू एकतर त्याच्या डोक्यावरून जायचा नाहीतर पोटात यायचा.

पाथरीला माझी मावशी होती. तिच्या लेकीचं डोहाळजेवण आणि तिथला सामना एकाच दिवशी आला, म्हणून मी संघाबरोबर एसटीनं गेले. संघाबरोबर बाहेरगावी जायची माझी ती पहिलीच वेळ. मावसभाऊ मला न्यायला यायचा होता, त्याची वाट बघत मी स्टँडच्या बाकावर पिशवी धरून बसले, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर आमचे सहा जण बसले होते. एकाच किटलीतून काचेचे सारखे ग्लास भरले गेले. ग्लास एक कमी पडला, तसा गौतमनं अर्धा पिऊन आपला भाऊच्या हातात दिला, भाऊनं तो न बघता तोंडाला लावला आणि दोघं बोलत राहिले. गौतम बाकावर बोटं ठेवून दाखवत होता, चेंडू इथं दे, मी इकडून येतो. भाऊ मान हलवत होता, मग त्यानं दुसरी जागा दाखवली. दहा मिनिटं हेच. सामना तिथं खेळून झाला होता, मैदानावर त्यांनी फक्त तो लोकांना दाखवला. पाथरीचा संघ दोन गेममध्ये गार झाला असं मावसभावानं येऊन सांगितलं आणि मी डोहाळजेवणाच्या ताटावर बसून कुणालाही न कळणारं हसत होते.

परतीच्या बसमध्ये गौतम मागच्या बाकावर झोपला होता. भाऊ माझ्या शेजारी होता. मी हळूच विचारलं, "भाऊ, गौतम आपल्या घरी का येईना गेलाय?"

"मैदानावर येतोय की."

"घरी म्हणले मी."

त्यानं मागे वळून गौतम झोपलाय ना ते बघितलं. मानवत मागे गेलं. मग म्हणाला, "तू कोनाड्यातला नवा ग्लास बघितलास का?"

मी बघितला होता. दसऱ्याला माय भांड्यांच्या दुकानात गेली होती. जुन्या ग्लासाची कड वाकली म्हणून तिनं गौतमसाठी नवा घेतला, चांगला जाड, आणि दुकानदाराकडून त्यावर सुईनं नाव घालून आणलं. गौतम. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात ते लग्नात, बारशात, आहेर करताना. मायनं तो कोनाड्यात ठेवला तेव्हा ती खुशीत होती, हे मला आठवत होतं.

"जुना व्हता तवर आमी सगळे न बघितल्यावानी करायचो," भाऊ म्हणाला. "तोबी करायचा, मीबी करायचो. आता नाव घातल्यावर काय करावं? त्यानं एकदा उचलून वाचलं अन् ठिवून दिला. मी शेजारीच बसलो व्हतो, सुमे. पाच वर्सं त्याच्यासंगं खेळायलोय, तोंडातून एक शब्द काढला न्हाई मी. आता त्याच्याकडं बघून चेंडू देताच येईना गेलाय."

मला त्याचा राग आला आणि त्याहून माझा आला, कारण तो ग्लास रोज झाडताना मी उचलून पुसत होते.

ते दिवस साधे असते तर हे कदाचित आपोआप मिटलं असतं. पण विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न त्या हिवाळ्यात पुन्हा वर आला होता. सरकार आता काहीतरी ठरवणार असं रेडिओवर रोज येत होतं. मी लहान असताना याच प्रश्नावरून जिल्ह्यात घरं जळाली होती. गौतमच्या आईनं त्या वेळी दुसऱ्या एका गावात लेकराला घेऊन दोन दिवस ज्वारीच्या रानात काढले होते, आणि मग ते गाव सोडून ती धरणावर आली होती. वसाहतीत लोक आता हळू आवाजात बोलायला लागले होते. कोण कुणाबरोबर पानटपरीवर उभा राहतो याकडे लोकांचं लक्ष असायचं. अशात गौतमनं रशीदचाचांना निरोप दिला की संक्रांतीच्या स्पर्धेत मी घरच्या मैदानावर खेळणार नाही. भाऊ म्हणाला, मग मीबी न्हाई. स्पर्धा आमच्याच वसाहतीची, अंतिम सामना पाथरीशी. संघ फुटला असता त्याचं दुःख मला होतंच, पण त्या आठवड्यात भाऊ आणि गौतम तुटले असते तर लोकांनी त्याला लगेच बाजू चिकटवल्या असत्या, आणि मग ते दोघं परत एका बाकावर बसले नसते. एवढं मला सतराव्या वर्षीही कळत होतं.

मी मायशी बोलले. ती तीळ निवडत बसली होती. मी सांगत गेले तशी तिची बोटं भरभर चालायला लागली. "मी त्याचा मान केला," ती म्हणाली. "नवं भांडं घेतलं, नाव घातलं. नाव घालून कुणाला देत्यात गं? परक्याला देत्यात का?"

"मग भाऊच्या कपावर का न्हाई घातलं?"

"भगवानचं कशाला घालू? तो घरचाच..." असं म्हणून ती थांबली. सुपातले तीळ तिनं एकदा या बाजूला केले, एकदा त्या. शेवटी म्हणाली, "त्याच्या मायला काय वाटलं आसल." त्यापुढे त्या दिवशी तिनं हा विषय काढला नाही. मला वाटलं, संपलं.

भोगीचा दिवस असाच गेला, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि मुकाट जेवणं. संक्रांतीला सकाळी उठलो तर भाऊ घरात नव्हता. त्याची सायकल दारात होती, चपला नव्हत्या. थोड्या वेळानं रेडिओवर बातमी लागली की विद्यापीठाच्या नामविस्ताराचा निर्णय झाला. वस्तीकडून हलगी ऐकू यायला लागली. वसाहतीतली दारं एकामागून एक लागली. धरणाच्या फाटकाशी पोलिसांची जीप येऊन उभी राहिली. वसाहतीचे साहेब सांगून गेले की सामना खेळायचाच असेल तर उन्हं उतरायच्या आत उरका. अण्णा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत म्हणाले, "आज कुणी भायेर पडायचं न्हाई." भाऊ तर आधीच बाहेर होता, आणि कुठे होता ते कुणाला माहीत नव्हतं. दोन पोरं सायकलवरून बघून आली, जिंतूरच्या फाट्यावर नाही, वीजघरावर नाही. मी स्वयंपाकघरात पाट्याशी, बाहेर वाजणाऱ्या प्रत्येक चपलेकडे कान लावून उभी होते. माय मुरमुरे भिजवायला लागली. एवढी सुशीला तिनं कधी केली नव्हती. मग तिनं घरातल्या सगळ्या कपबशा वर फळीवर ठेवल्या, फळीवरचे सगळे स्टीलचे ग्लास टोपलीत घातले, व्हरांड्यात जाऊन कोनाड्यातलाही आणला आणि त्यांच्यातच टाकला. पातेलं डोक्यावर घेतलं.

"कुठं चालली?" अण्णा म्हणाले.

"मैदानावर."

"सांगितलं ना, भायेर पडायचं न्हाई."

"मग तुमी बसा घरात," माय म्हणाली. "सुमे, किटली घे."

अण्णांनी चपला शोधल्या आणि आमच्या मागून आले. मैदानावर रशीदचाचा एकटेच नेटची दोरी ताणत होते. आम्ही लिंबाखाली पातेलं ठेवलं. पाथरीचा संघ जीपमधून उतरला आणि अवघडून उभा राहिला. आमचे चौघं आले. मग कितीतरी वेळ कुणीच नाही, आणि मग वस्तीच्या वाटेनं दोघं जण चालत येताना दिसले. एक गौतम. दुसरा ओळखायलाच वेळ लागला, कारण कपाळ, केस, सदरा, सगळं निळ्या गुलालानं माखलं होतं. तो भाऊ होता. तो सकाळपासून वस्तीत होता. तिथे जाऊन तो गौतमशी काय बोलला हे त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, वहिनीलाही नाही. मायनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग लगेच ग्लासांत चहा ओतायला लागली. निम्मा चहा मातीत गेला. ओतलेले ग्लास तिनं बघितलेही नाहीत, टोपली तशीच पुढे सरकवली, ज्याला जो येईल तो. नावाचा ग्लास अण्णांच्या हाती गेला. त्यांनी तो वाचला, एकदा मायकडे बघितलं आणि पिऊन टाकला.

गौतम थोडा लांब उभा होता. माय उठून त्याच्यासमोर गेली. "माझं चुकलं बाबा," ती म्हणाली. हे सगळ्यांसमोर, पाथरीच्या पोरांसमोर. "तुझ्या मायलाबी सांग, मी येऊन बोलते तिच्यासंगं."

गौतमनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "चहा थंड व्हायलाय मावशी. द्या."

तो झाडाखाली भाऊशेजारी बसला. भाऊनं मातीत बोट टेकवून काहीतरी दाखवलं, गौतमनं ते पुसून दुसरीकडे दाखवलं. मी त्या दिवशी टाकीवर गेलेच नाही, मायशेजारी लिंबाखाली बसून सामना बघितला, आणि मला कुणी हटकलं नाही. पहिला गेम आम्ही घेतला. दुसरा पाथरीनं. तिसऱ्यात तेरा तेरा झालं तेव्हा फाटकावरचे पोलीसही येऊन मैदानाच्या दोरीशी उभे होते. वस्तीतली माणसं गुलालासकट आली होती, वसाहतीतली दारं उघडून लोक आले होते, आणि सगळे एकाच चेंडूकडे बघत होते. मग आम्ही हरलो. शेवटचा चेंडू भाऊनं दिला, गौतमनं मारला आणि तो नेटच्या वरच्या दोरीला लागून आमच्याच बाजूला पडला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मला रडू फुटलं. हरल्याचं मुळीच नाही. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता. इतकं मोकळं मला नंतर पहिलं बाळंतपण सुखरूप झालं तेव्हाच वाटलं असेल.

पातेलं घेऊन आम्ही घरी आलो. मायनं तवा ठेवला आणि गुळाच्या पोळ्या लाटायला घेतल्या. बाहेरून आवाज येत होता, जवळ जवळ येत होता.

"खाली दिलास तू. माझ्या खांद्याच्याबी खाली."

"वर व्हता चेंडू. तू उशिरा उडालास."

"मी उशिरा? तुझं ध्यान कुठं व्हतं?"

व्हरांडा आला. गौतम दर वेळी जिथं थांबायचा, कोनाड्याशेजारच्या त्या खांबापाशी, तिथं तो थांबला नाही. त्याच्या ते लक्षातच आलं नाही. तो हातानं चेंडूची उंची दाखवत पुढची खोली ओलांडून भाऊच्या मागे सरळ स्वयंपाकघरात आला आणि मायसमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, तुमीच सांगा, खाली व्हता का न्हाई?" मायचं लाटणं थांबलं. तव्यावरच्या पोळीतून गूळ बाहेर येऊन करपायला लागला. मायनं ती उलटली.

"आधी हात धुवा दोघं," ती म्हणाली. "मग भांडा."

दोघं मोरीकडे गेले, ते भांडतच.